बारा हजारात मुंबई

लोअर परळला नोकरी लागली, सोलापुरात पेढे वाटून झाले आणि घरच्यांनी भाड्याचं बजेट काढलं, महिना 12 हजार. बाबांना तेही जास्तच वाटत होतं. एवढ्यात जुळे सोलापुरात ऐसपैस फ्लॅट येतो आणि मालकीणबाई वरनं शेंगाची चटणी पाठवतात.

दादरच्या एजंटला आकडा सांगितला तर म्हणाला, "मेंटेनन्सचं नंतर बघू, आधी भाडं बोला."

मग काय, सायन, कुर्ला, घाटकोपर, एकेक स्टेशन मागे पडत गेलं. सगळीकडे घर "स्टेशनपासून पाच मिनिट", फक्त कशाने ते कोणी सांगत नाही. मुलुंडला एक वन आरके बघितला, त्यात बाथरूमचं दार सिलेंडरला अडायचं, म्हणजे आंघोळ करायची तर आधी सिलेंडर पॅसेजमध्ये काढायचा. एजंट म्हणे, "सगळं कसं हाताशी आहे बघा."

शेवटी डोंबिवली ईस्ट, 11 हजार. पण आधी सोसायटीचा इंटरव्ह्यू. सेक्रेटरी काका बनियनवर बसलेले, "दारू, सिगरेट, मैत्रीण?" मी तिन्हीला नाही म्हणालो, त्यातल्या एकाला जरा जड मनानंच. कंपनीच्या एचआरनं यापेक्षा कमी विचारलं होतं राव.

महाराष्ट्रात 1999 च्या भाडे कायद्यानं करार रजिस्टर करावाच लागतो, 11 महिन्यांचा असला तरी, म्हणून एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. मालक आजोबा ऐंशीच्या पुढचे, मशीन काही अंगठा घेईना. आजींनी आधी तो ओल्या फडक्यानं पुसला, मग पदरानं, मग एजंटनं दाबून धरला, आजोबा ओरडले, आणि त्या गडबडीत एकदाचा हिरवा दिवा लागला. डिपॉझिट 50 हजार, एक भाडं ॲडव्हान्स, एक भाडं एजंटचं, वर कराराचा खर्च. पहिला पगार व्हायच्या आत पाऊण लाख गेले आणि बाबा फोनवर बराच वेळ काही बोललेच नाहीत.

सकाळी डोंबिवलीला फास्ट लोकलमध्ये शिरणं ही वेगळीच विद्या आहे. शेजारचे काका म्हणाले, आधी कल्याणला जा, तिथून बसून ये. म्हणजे ऑफिस पश्चिमेला आणि मी रोज पहिल्यांदा पूर्वेला निघतो, तेही ऑफिसजवळच्या करी रोडला उतरायचं तर दादरला स्लो पकडायची असते हे वेगळंच.

आता 11 महिने संपत आलेत. एजंटचा मेसेज आलाय, मालक दहा टक्के वाढवतायत, नाहीतर बदलापूरला बजेटमध्ये वन बीएचके आहे, उल्हास नदीचा व्ह्यू. 2019 च्या जुलैत तिकडेच महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, त्यामुळे फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे एवढंच विचारलंय.