दिगूचा उजवा हात आणि ‘ए समरी’चा कागद

शर्टाचा खिसा डावीकडे असतो. त्यातली वस्तू डाव्याच हाताने काढून बघा, म्हणजे दिगूचं काय होतं ते कळेल. रविवारी संध्याकाळी दत्तमंदिरासमोरच्या कट्ट्यावर तो आला, खिशातला कागद काढायला कोपर वर करून मनगट वाकडं करत राहिला, आणि शेवटी पक्यानेच उठून तो कागद काढून दिला. उजव्या हाताची मधली दोन बोटं सात महिने झाले तरी वळत नाहीत.

दिगू दूध टाकतो. म्हणजे टाकायचा. पहाटे पावणेपाचला सायकलला क्रेट लावून निघालेला असताना तिघं पोरं मोटरसायकलवरून आली, मोबाइल मागितला आणि तो काढेपर्यंत कोयता चालवला. डोक्यावर बसणारा वार याने हातावर घेतला. हाताच्या शिरा तुटल्या असं आपण म्हणतो, पण बोट वळवणाऱ्या दोऱ्या असतात त्या तुटल्या. जवळ होता त्या खाजगी दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, बिल झालं, आणि बायकोच्या पाटल्या गेल्या. आता लाइन तीच टाकते. साडेतीनला उठते.

तर तो कागद. पोलिसांनी कोर्टात ‘ए समरी’ पाठवली आहे, तुमचं काही म्हणणं असेल तर सांगा, अशी नोटीस होती. गुन्हा खरा आहे, पण आरोपी सापडत नाहीत, असा त्याचा अर्थ. दिगूने अर्थ लावला, ‘फाइल बंद’.

“झालं,” तो म्हणाला. “आता कोणाकडे जायचं?”

मेघा वकील आहे, कोर्टातून घरी जाताना दहा मिनिटं थांबते, रविवारी जरा जास्त. तिने कागद वाचला आणि म्हणाली, “दिगूदादा, भरपाईचा अर्ज केलात का?”

“कसली भरपाई? आरोपीच नाही तर देणार कोण?”

“सरकार.”

इथून जे सुरू झालं ते आठ वाजेपर्यंत थांबलं नाही.

पहिले उसळले नाना. नानांनी एसटीत सत्तावीस वर्षं अपघाताच्या फायली सांभाळल्या, त्यामुळे भरपाई हा शब्द निघाला की त्यांना राहवत नाही. “अगं, सरकारने का द्यायची? कोयता काय सरकारने मारला? सरकारचा पैसा म्हणजे तुझा-माझा. ज्याने मारलं त्याच्या घरादारावर टाच आणा, त्याच्या बापाकडून वसूल करा. ते सोडून आपल्याच खिशातून काढायचे?”

“नाना, ज्याने मारलं तो सापडला तर कोर्ट त्यालाही भरायला लावू शकतं, ते कलम जुनंच आहे,” मेघा म्हणाली. “पण त्यासाठी आरोपी सापडायला हवा, खटला चालायला हवा, शिक्षा व्हायला हवी, आणि त्याच्याकडे पैसे हवेत. ह्यातलं एक जरी हुकलं की जखमी माणसाच्या हातात काही नाही. म्हणून तर ३१ डिसेंबर २००९ पासून कायदा बदलला. फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-अ आलं. आता नवीन नागरिक सुरक्षा संहितेत तेच ३९६ आहे. प्रत्येक राज्याने योजना करायची, निधी ठेवायचा. आपल्याकडची योजना २०१४ ची. आणि त्या कलमात स्पष्ट लिहिलंय, आरोपी सापडला नाही, ओळखला गेला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडिताला अर्ज करता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे.”

“म्हणजे हा कागद…” दिगू म्हणाला.

“हा कागद म्हणजे आरोपी सापडला नाही ह्याचा पुरावा. तुम्ही तो फाडून टाकणार होतात.”

मला खरं सांगायचं तर ह्यातलं काही माहीत नव्हतं. एफआयआर झाली तेव्हा मी दिगूबरोबर होतो, प्रत मिळाली ती माझ्याच गाडीच्या डिकीत महिनाभर पडून होती. दवाखान्यात मी होतो, पाटल्या मोडायला मीच गेलो. एवढ्या ठिकाणी गेलो, एवढे गणवेशातले आणि कोटातले लोक भेटले, आणि एकानेही ‘असा अर्ज असतो’ एवढे तीन शब्द उच्चारले नाहीत. ह्याचा मला त्या संध्याकाळी जो संताप आला तो अजून गेलेला नाही. कायदा होऊन दीड दशक झालं. पोलीस ठाण्याच्या भिंतीवर हरवलेल्या माणसांचे फोटो लागतात, तिथे चार ओळींचा हा फलक लावायला काय लागतं?

सलीमभाईंचं गॅरेज कट्ट्याला लागूनच. ते हात पुसत आले. “ताई, कायदा बरोबर आहे तुमचा. पण मिळतात का? माझ्या ओळखीतल्या एका बाईंवर हल्ला झाला, त्यांनी अर्ज केला. चौदा महिने. दर वेळी एक नवीन कागद. शेवटी त्या म्हणाल्या, रिक्षाच्या भाड्यातच गेले.”

मेघाने ते नाकारलं नाही. “प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत संपवून भरपाई ठरवायची, असं कायद्यात आहे. दर वेळी होत नाही. पोलिसांचा अहवाल येत नाही, निधी येत नाही. तिथेच भांडावं लागतं. पण सलीमभाई, चौदा महिने लागले म्हणून अर्ज करायचाच नाही, हे कसं?”

“मी कुठे म्हणतोय करू नका? मी म्हणतोय, एकट्याला पाठवू नका.”

हे सलीमभाईंचं बरोबर होतं.

पक्याला वाटत होतं की हे सगळं बायका-मुलींसाठीच असतं, मनोधैर्य वगैरे. ती वेगळी. मनोधैर्य योजना २०१३ च्या २ ऑक्टोबरपासूनची. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला ह्यांच्यासाठी. २०१७ च्या शेवटी तिची मर्यादा दहा लाखांपर्यंत नेली. ॲसिडच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयानेच २०१३ मध्ये सांगितलं, किमान तीन लाख, त्यातले एक लाख पंधरा दिवसांत. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात अर्थसाहाय्याचे नियम आणखी वेगळे, तिथे एफआयआरपासून टप्प्याटप्प्याने रक्कम मिळते. पण ३९६ हे कोणा एकासाठी नाही. गुन्ह्यामुळे इजा झाली, नुकसान झालं आणि माणसाला पुन्हा उभं करायची गरज आहे, एवढं पुरे. पुरुष असो, बाई असो.

नाना मात्र ऐकेनात. “आणि खोटे अर्ज? उद्या दारू पिऊन आपसांत डोकी फोडतील आणि येतील भरपाई मागायला.”

“नाना, एसटीत खोटे दावे येत नव्हते?” पक्याने विचारलं.

“यायचे की.”

“मग दावे घेणं बंद केलंत?”

“मी ते तपासायचो!” नाना जोरात म्हणाले, आणि मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही.

तेवढ्यात चहा आला. दिगूने डाव्या हाताने ग्लास धरला. उजव्या मुठीत त्याचा तो पिवळा स्पंजचा चेंडू होता, फिजिओथेरपीवाल्यांनी दिलेला. दिवसातून दोनशे वेळा दाबायचा. तो दाबतो तेव्हा अंगठा, पहिलं बोट आणि करंगळी चेंडूत रुततात, मधली दोन सरळच राहतात.

“मला नकोच ते पैसे,” दिगू एकदम म्हणाला. “ऐकून घ्या सगळ्यांनी. पैसे घेतले म्हणजे मिटलं, असं होतं. उद्या ती पोरं सापडली तर म्हणतील, तुला मिळालेत ना, सोड आता. मी तडजोड करणार नाही. आणि हाताचे पैसे करायचे असतील तर मी भीकच मागेन की सिग्नलला.”

मला वाटतं त्या संध्याकाळी सगळ्यांत महत्त्वाचं बोलणं हेच होतं, कारण आमच्यातल्या निम्म्यांच्या मनात तेच होतं. भरपाई म्हणजे मांडवली. समोरच्या पार्टीने पाकीट द्यायचं आणि आपण तक्रार मागे घ्यायची. आपण आजूबाजूला तेच बघितलेलं असतं.

मेघा उठून त्याच्यासमोर जाऊन बसली. “दादा, ह्यात तडजोड कुठेच नाही. तुम्ही कोणाला माफ करत नाही. कुठल्या कागदावर तक्रार मागे घेतो असं लिहीत नाही. ती पोरं उद्या दुसऱ्या गुन्ह्यात सापडली आणि तुमचा मोबाइल निघाला, तर हीच फाइल परत उघडते. तुम्हाला मिळालेले पैसे त्यांच्या शिक्षेच्या आड येत नाहीत.” मग तिने एक निकाल सांगितला, आपल्याच राज्यातल्या शेतावरच्या भांडणाचा. वाटेने जाणाऱ्यांवर कुत्रं भुंकलं, एकाने त्याला लोखंडी पाइप मारला, शेतकरी म्हणाला का मारतोस, तर त्यालाच मारलं आणि तो गेला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. आरोपीचा गुन्हा खुनाचा की सदोष मनुष्यवधाचा ह्यावर वर्षानुवर्षं वाद झाले, पण गेलेल्या माणसाच्या घरच्यांचं काय, हा प्रश्न खालच्या कोर्टांनी विचारातच घेतला नव्हता. तेव्हा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरपाईचा विचार करणं हे फौजदारी न्यायालयाचं कर्तव्य आहे, प्रत्येक खटल्यात, द्या किंवा नका देऊ पण विचार केल्याचं निकालात दिसलं पाहिजे.

“म्हणजे सगळं कोर्ट आरोपीभोवती फिरत होतं,” सलीमभाई म्हणाले.

“अजून बरंचसं तसंच आहे,” मेघा म्हणाली.

दिगू चेंडू दाबत राहिला.

मग मी नानांना एक विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं, सहज विचारलं. “नाना, दिगूला त्या पहाटे गाडीने उडवलं असतं आणि गाडी पळून गेली असती, तर?”

“तर हिट अँड रन,” नानांनी लगेच सांगितलं. “अज्ञात वाहन. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. आधी पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. तहसीलदारांकडे…” आणि मधेच थांबले.

“गाडी सापडलेली नसताना?”

“सापडली नाही म्हणूनच तर.”

“मग कोयता सापडला नाही तर?”

नाना बराच वेळ समोरच्या देवळाकडे बघत बसले. त्यांनी हार मानली असं मी म्हणणार नाही, नाना हार मानत नाहीत. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि म्हणाले, “दाखले बघू.”

दिगूच्या सायकलला कापडी पिशवी होती, तीत सगळं कोंबलेलं. नानांनी चष्मा लावला आणि एकेक कागद मांडीवर सारखा केला. त्या माणसाने आयुष्यभर हेच काम केलेलं, त्यांच्या बोटांना ते ठाऊक होतं. डिस्चार्जचा कागद बाजूला, बिलं तारखेप्रमाणे, एफआयआर वर. एका कागदावर अडले.

“हे इंजुरी सर्टिफिकेट कोणी दिलं? ह्यात ‘साधी दुखापत’ लिहिलंय.”

तो कागद त्या रात्री, म्हणजे पहाटे, टाके घालून लगेच लिहिलेला होता. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. नंतर कोणी बदलला नाही.

“हे असं नाही चालणार,” नाना म्हणाले. “अवयव कायमचा निकामी झाला तर ती गंभीर. पंधरा दिवस रोजचं कामकाज करता आलं नाही तरी गंभीर. पूर्वी वीस दिवस होते, नव्या न्याय संहितेत पंधरा केलेत. ह्याला सात महिने झाले. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांचा दाखला घ्या, आणि सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला काढा, टक्केवारीसह. टक्केवारीशिवाय कोणी रक्कम धरत नाही, मला विचारा. आणि मेघा, दूध टाकणाऱ्याचं उत्पन्न कसं दाखवायचं? डेअरीचं पावतीपुस्तक असेल ना?”

“आहे,” दिगू म्हणाला. “ती लिहिते.”

“सात महिन्यांपूर्वीची पानं पण हवीत. तेव्हा किती लिटर आणि आता किती.”

तेव्हा दोनशे दहा. आता एकशे तीस. बायकोला एकटीला तेवढंच जमतं, शिवाय शाळेचा डबा असतो. दिगूने हे आकडे खाली बघत सांगितले.

किती मिळतील, हे पक्याने तीनदा विचारलं आणि मेघाने तिन्ही वेळा सांगायचं टाळलं. इजा कोणती, अपंगत्व किती, ह्यावर ते ठरतं. आधी आकडा ऐकला की माणूस त्या आकड्याचे हप्ते मनात लावून मोकळा होतो. एवढंच म्हणाली की अर्जाला मुदत असते, आधीच सात महिने गेलेत, आणखी घालवू नका. वकील करायला पैसे नसतील तर त्या प्राधिकरणाकडूनच मोफत मिळतो. कोणाला आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

दिगूने विचारलं, “तिथे काय म्हणून सांगायचं? मला पैसे द्या म्हणून?”

“तुम्हाला काय झालं ते सांगायचं,” मेघा म्हणाली. “पहाटे कामावर निघालो होतो, रस्त्यावर मला कोणी वाचवलं नाही, आणि ज्यांनी मारलं ते पोलिसांना सापडले नाहीत. बस. ह्यातलं काय भीक मागण्यासारखं आहे?”

तो काही बोलला नाही. पण नानांनी लावलेला कागदांचा गठ्ठा पिशवीत परत कोंबला नाही. पक्याकडून रबरबँड मागून घेतलं, एक टोक दातात धरून डाव्या हाताने गठ्ठ्यावर चढवलं. दोनदा सटकलं. कोणी मदत करायला पुढे झालं नाही, आणि ते बरं केलं.

“सोमवारी जायचं?” मी विचारलं. “शिवाजीनगरला, प्राधिकरणात. गाडी माझी.”

“सोमवारी नको, महिन्याची वसुली असते. मंगळवारी.”

“अकराला,” मेघा म्हणाली. “पासबुक आणा. आणि बँकेत सही उजव्या हाताची असेल ना, तेही बघावं लागेल.”

“मी येतोय,” नाना म्हणाले. “ते ‘साधी’ लिहिलेलं मला स्वतःला दाखवायचंय त्यांना.”