‘शिकायला थेट ३५० सीसीच घ्या’ म्हणणाऱ्यांना

‘पहिली बाइक घेताय? १००-१२५ सीसीत पैसे घालवू नका. हलकी गाडी हायवेवर उडते, पिकअप नाही, ब्रेक यथातथा आणि वर्षभरात विकावीच लागते. थेट ३५० घ्या.’ असा मेसेज सध्या ठाण्यात सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. लिहिणाऱ्याला गाड्यांची हौस आहे हे कळतं. शिकणारा मात्र त्यात कुठेच नाही.

आधी वजन. घोडबंदर रोडला शेजारून कंटेनर गेला की हलकी गाडी डगमगते, हे खरं. पण नवशिका बहुतेक वेळा आडवा होतो तो पाच-दहाच्या वेगात: माजिवड्याच्या सिग्नलला क्लच झटकन सुटून गाडी बंद पडते तेव्हा, नाहीतर पोडियम पार्किंगच्या रॅम्पवर वळताना. रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० भरते १९५ किलो, होंडाची शाइन १०० भरते ९९. निम्मं वजन पाय टेकून सावरता येतं. क्लासिक एकदा कलली, की कुठे पडायचं ते तीच ठरवते. ‘जड गाडी रस्ता धरते’ हेही अर्धवट आहे. वजनाने टायरची पकड वाढते, पण थांबवायचं ओझंही तेवढंच वाढतं. पावसात उड्डाणपुलाच्या लोखंडी जॉइंटवर तर दोघीही सारख्याच घसरतात.

पिकअपचं म्हणाल तर केंद्राच्या नियमाप्रमाणे दुचाकीला चौपदरी रस्त्यावर कमाल ८० आणि पालिका हद्दीत ६० ची मर्यादा आहे. १२५ सीसी तिथपर्यंत कुरकुर न करता जाते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही, मग कुठल्या रस्त्यासाठी एवढी ताकद हवी? गायमुखच्या चढाला डबल सीट १०० सीसी दमते, कबूल. गिअर खाली टाकायचा. कधी टाकायचा हे शिकायलाच तर गाडी घेतोय ना!

ब्रेकच्या मुद्द्यात मात्र दम आहे. २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं; १२५ आणि खालच्यांना सीबीएसवर भागवता आलं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, पण चाक जाम होणं त्याने थांबत नाही. त्यावर उत्तर ३५० सीसी हे नाही. हीरो एक्स्ट्रीम १२५आरसारख्या छोट्या गाडीतही एबीएस मिळतं. बजेट जमत असेल तर पैसे तिथे घाला, अलॉय आणि स्टिकरवर नको.

राहिलं विकण्याचं. स्प्लेंडर, शाइन विकायला काढा, गिऱ्हाईक लगेच मिळतं. पडून लिव्हर मोडला तर कळव्यापासून नेरूळपर्यंत कुठलाही मेकॅनिक हाताशी असलेला पार्ट लावून देतो. म्हणून मी तर पहिली गाडी सेकंड हँडच घ्या म्हणेन. फक्त सीट उघडून आणि एअर फिल्टर काढून गाळ किंवा गंज दिसतो का पाहा. पावसात बुडालेली गाडी बाहेरून पॉलिश करून चकाचक करता येते. इंजिन थंड असताना स्वतः स्टार्ट करा, विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या त्याच बैठकीत घ्या.