‘टुणुक टुणुक’ला कमी लेखू नका

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या पालकगटांत सध्या एक संदेश फिरतोय. म्हणणं असं: मुलांची पुस्तकं रोजच्या सोप्या शब्दांत हवीत, यमक आणि पालुपदांनी मूल रमतं, शिकत काही नाही, अनोळखी शब्द दिसला की पुस्तक मिटतं, आणि बोलीतल्या गोष्टींनी शुद्ध मराठी बिघडते. खाली ‘पुढे पाठवा’ लिहिलंय, म्हणून लोक पाठवतात.

आधी रमण्या-शिकण्याचं बघू. भोपळ्यातली म्हातारी आठवा. लेकीकडे जाताना कोल्हा भेटो की वाघ, तिचं उत्तर ठरलेलं: लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन. दुसऱ्या प्राण्यापाशी पोचेपर्यंत ऐकणारं पोर तिच्याआधी बोलून मोकळं होतं. ते काय बोललं पाहा. घरात दिवसभर ‘जाणार’, ‘खाणार’ ऐकणाऱ्या मुलानं जा, खा, हो या तिन्ही धातूंना ‘ईन’ लावला, बिनचूक. प्रथमपुरुषी भविष्यकाळ हे नाव कळायला अजून बरीच वर्षं आहेत, रूप मात्र तोंडात बसलं. उद्या ‘येईन’, ‘देईन’ ते आपलं आपण बनवेल. आता पालुपद काढून ‘म्हातारीनं सगळ्यांना नंतर यायचं वचन दिलं’ असं सोपं वाक्य घाला. गोष्ट तीच राहते. पोराला बोलायला जागाच उरत नाही.

यमकाचा शेवटचा शब्द आपण गाळतो आणि मूल भरतं, तेव्हा ते शब्दांचे तुकडे पाडून ऐकत असतं. वाचायला शिकताना हाच कान लागतो. ब्रॅडली आणि ब्रायंट या इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९८३ मध्येच चार-पाच वर्षांच्या मुलांची यमक ओळखण्याची क्षमता आणि त्यांचं पुढचं वाचन यांचा संबंध दाखवला होता. बाकी, ‘निरर्थक’ कवितांना नाकं मुरडणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की २००३चं ज्ञानपीठ मिळालेले विंदा करंदीकर मुलांसाठी मनसोक्त वेडगळ लिहीत.

अनोळखी शब्दांबद्दल संदेश अर्धा बरोबर आहे. एकट्यानं वाचताना पानभर असे शब्द आले तर मूल कंटाळणारच. पण मोठ्यांनी वाचून दाखवताना हिशेब बदलतो. विसाव्या मजल्यावरच्या मुलानं पागोळ्या पाहिलेल्या नसतात. ‘टपटप’ आणि शेजारचं कौलारू छपराचं चित्र मिळून त्या त्याला दाखवतात.

बोलीचा मुद्दा मला सगळ्यात खटकला. ऐरोली-घणसोलीच्या गावठाणांत आगरी बोलणाऱ्या आज्या आहेत. गोष्टीतली आजी ‘डोले’ म्हणाली आणि निवेदकानं ‘डोळे’ लिहिलं, तर मुलाला दोन्ही शेजारीशेजारी ऐकू येतात आणि फरक उलट ठळक होतो. शिवाय आपल्या घरातलं बोलणं छापून येतं, हे त्या मुलाला कुणी सांगायचं?

ओढूनताणून जुळवलेलं यमक मात्र मलाही सोसत नाही. अशी पुस्तकं ढिगानं निघतात. ती ओळखायची तर पुस्तक घेण्याआधी एक पान मोठ्यानं वाचा. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथं कुजबुजत वाचलं तरी चालेल. जीभ अडखळली की ठेवून द्या.