सर्जाचे वरचे दात

पुस्तकं खपेनाशी झाली की लेखकाला नाही त्या वेळी अक्कल सुचते. मला ती डिसेंबरात, रात्री जेवताना सुचली. मी बायकोला म्हणालो, "आपलं पुस्तक बैलाचं आहे. पुस्तकांच्या दुकानात बैल बघायला कोण येणार? हे पुस्तक बैलबाजारात न्यायला हवं." ती म्हणाली, "आमटी वाढू का?" हा होकार आहे असं मी धरून चाललो.

'सर्जाला भीती वाटते' हे ते पुस्तक. 32 पानं, म्हणजे दोन फॉर्मे, 130 जीएसएमचा आर्ट पेपर, मधोमध दोन पिना आणि पानोपानी रंगीत चित्रं. एक खिल्लार खोंड पहिल्यांदा जत्रेला येतो आणि हलगी कडाडली की दावं तोडून पळत सुटतो, एवढीच गोष्ट. किंमत 100 रुपये. छापल्या हजार. वितरक 40 टक्के मागत होता, म्हणून म्हटलं, त्याला कशाला, आपणच विकू. तेव्हापासून सहाशे प्रती आमच्या दिवाणाखाली आहेत आणि वर पाहुणे झोपतात. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य टक्के आहे. सरकारला लेखकाच्या उलाढालीचा अंदाज बरोबर आलेला दिसतो.

आता, आमच्या सातारा जिल्ह्याला पुस्तकांचं वावडं आहे असं कुणी म्हणू नये. महाबळेश्वर-पाचगणीच्या मधलं भिलार 2017 च्या मे महिन्यात 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथं घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात. कुणीही जावं, बसावं, वाचावं, पैसा पडत नाही. शिवाय गाव स्ट्रॉबेरीचं. म्हणजे लोक स्ट्रॉबेरी विकत घेतात आणि पुस्तकं फुकट वाचतात. वाचक म्हणून मला त्या गावाचा अभिमान वाटतो. लेखक म्हणून मला स्ट्रॉबेरीवाल्याचा हेवा वाटतो.

तर पुसेगाव. मार्गशीर्षात तिथं सेवागिरी महाराजांची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर खिल्लार जनावरांचा बाजार. वडूजचे आमचे साडू दरसाल त्या बाजारात पाल ठोकतात. त्यांचा धंदा बैलांच्या साजाचा: कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा, गोंडे, झुली. बायकोनं बहिणीला फोन केला, बहिणीनं नवऱ्याला विचारलं आणि साडूंचा निरोप आला, "या की पाव्हणं. एका दोरीला टांगू तुमचीबी पुस्तकं." टांगू हे बोलण्याची रीत म्हणून आलं असेल असं मला वाटलं.

साताऱ्याहून एसटीत दोन गठ्ठे घेऊन चढलो, पन्नास-पन्नास प्रतींचे. कंडक्टरनं गठ्ठ्यांकडं बघून विचारलं, "काय हाय?"

"पुस्तकं. लहान मुलांची."

"मग लहान मुलावाणी मांडीवर घ्या."

कोरेगाव गेलं, वर्धनगडचा घाट गेला, आणि पुसेगावात उतरलो तेव्हा माझे दोन्ही पाय झोपलेले होते. बालसाहित्याचं वजन नाही असं म्हणणाऱ्या समीक्षकांना मी त्या एसटीत बसवणार आहे.

साडूंनी खरोखरच टांगली. वर घुंगरमाळा, खाली गोंडे आणि मधल्या दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवलेला माझा सर्जा. एका बाजूला पिपाण्या, दुसऱ्या बाजूला गोडीशेव आणि भज्यांचा घाणा, लांबून मौत का कुआमधल्या मोटारसायकलींचा आवाज. पाठीमागं हातभर अंतरावर एक दांडगा बैल बांधलेला. पहिल्या तासाभरात त्यानं माझी एक प्रत ओढून कव्हरासकट खाल्ली. वाचकानं पुस्तक पचवल्याचं आजवरचं माझ्याकडचं तेवढंच उदाहरण.

गिऱ्हाईक येत होतं. पण कव्हरवर बैल असल्यामुळं सगळ्यांचा समज एकच झाला, की हे पशुसंवर्धनवाल्यांचं माहितीपत्रक आहे.

"लाळ्या-खुरकुताचं हाय का?"

"नाही, गोष्टीचं आहे."

"लशीची तारीख असंल की आत."

"नाही हो, सर्जा नावाचा एक बैल असतो..."

"बरं. मग अनुदान किती?"

एकानं पुस्तक उलटं केलं, मागच्या बाजूचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, बघितला आणि त्याचा चेहरा उजळला. "ह्येलाबी बिल्ला हाय की!" म्हणजे जनावरांच्या कानात मारतात तो पिवळा बिल्ला. त्यानं लगेच आकडे मोजले. कानातल्या बिल्ल्यावर 12 असतात, माझे 13 भरले. "एक जास्त हाय," असं तो गंभीरपणे म्हणाला आणि निघून गेला. लेखनाच्या इतक्या वर्षांत मी कुणापेक्षा तरी वरचढ ठरलो तो असा.

बायकांना अंकलिपी हवी होती. सकाळपासून सतरा जणींनी अंकलिपी मागितली. अठरावीला मी म्हणालो, "यातही अक्षरंच आहेत." ती म्हणाली, "ती समदी मिसळल्यात. पोराला सुटी सुटी पायजेत." यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

मुलं मात्र यायची. ती विकत घेत नसत, वाचत असत. उभ्या उभ्या, ओठ हलवत, एका हातात गोडीशेव. गुळाच्या पाकाचा आणि आर्ट पेपरचा स्नेह फार लवकर जमतो. एका प्रतीची सातपासून दहापर्यंतची पानं अशी चिकटली, की सर्जा थेट गोठ्यातून जत्रेत पोचला आणि मधली नदी वगळली गेली. वाचणाऱ्या पोराला त्यात काही वावगं वाटलं नाही. संपादकानंही हेच सुचवलं होतं, तेव्हा मी भांडलो होतो.

दुपारी एक हरवलेला मुलगा कुणीतरी माझ्याजवळ आणून बसवला. "मास्तर दिसताय, बगा जरा." माइकवरून त्याच्या शर्टाचा रंग दर पाच मिनिटांनी गावाला सांगितला जात होता. तेवढ्यात त्यानं पुस्तक तीनदा वाचलं, चौथ्यांदा मला वाचून दाखवलं. आई धावत आली, पोराला आधी एक धपाटा, मग पोटाशी धरणं, मग माझ्यासमोर हात जोडणं. "लई उपकार झाले." पोरानं पुस्तकाकडं बोट दाखवलं. माझा जीव वर-खाली. आईनं पुस्तकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि शेजारच्या पालातून त्याला पिपाणी घेऊन दिली.

रथाच्या दिवशी तर मी रस्त्याकडेला उभा राहून बघतच राहिलो. महाराजांच्या रथाला भाविक नोटांच्या माळा वाहतात. दहाच्या, पन्नासच्या, शंभरच्या, पाचशेच्या. रथ त्या माळांखाली झाकून जातो. मनात आलं, तोही कागद, हाही कागद. त्यावरही दोन्ही बाजूंनी रंगीत छपाई. उलट माझ्या कागदावर मजकूर जास्त आहे. हे साडूंना सांगितलं तर ते म्हणाले, "पाव्हणं, उन्हातनं जरा सावलीला बसा."

सावलीला बसलो आणि तिथंच माझ्या पुस्तकाची पहिली खरी समीक्षा झाली.

चार म्हातारे कासरे बघायला आले होते. चौघांचे पटके, चौघांच्या मिशा, चौघांचं मिळून वय तीनशेच्या घरात. त्यातल्या आबांनी चिमटा काढून पुस्तक हातात घेतलं. वाचलं नाही. डोळ्यांपासून लांब धरून कव्हरवरचा बैल निरखला, जसा बाजारात निरखतात तसा: आधी तोंड, मग खांदा, मग पाय.

"कंचा म्हणायचा ह्यो?"

"खिल्लार," मी म्हणालो.

चौघांनी एकमेकांकडं बघितलं. पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही.

"खिल्लाराची शिंगं माघारी जाऊन वर निघत्यात. हितं म्हशीगत आडवी हायती."

"आन वशिंड कुटं हाय?"

मी वाकून बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच बघितलं. वशिंड नव्हतंच. चित्रकार पुण्याचा, त्यानं सर्जाची पाठ पलंगासारखी सपाट काढली होती.

"जर्सी हाय ओ ह्यो," तिसरे म्हणाले. "चुना फासलाय."

पान नऊवर सर्जाचा बाप औत ओढतो. आबांनी तिथं बोट ठेवलं. "वशिंड न्हाय, तर जू कशाला अडणार? पयल्याच तासाला मागं सरकून शेपटाला येतंय." पान चौदावर सर्जा दचकून उठतो. चित्रात तो पुढचे पाय टेकून, छाती वर काढून उठत होता. मला ते चित्र फार आवडायचं, मी त्याचं स्टेटस ठेवलं होतं. "बैल उठताना आदी ढुंगण उचलतुया," चौथे म्हणाले. "पुढनं उठतंय ते घोडं."

मी क्षीण आवाजात म्हणालो, "लहान मुलांना कुठं कळतं एवढं?"

झुलीला हात लावून उभं असलेलं सातवी-आठवीतलं एक पोरगं न विचारता म्हणालं, "कळतंय की." 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू करू दिल्या, तेव्हापासून या भागातल्या पोरांना पाढे येवोत न येवोत, दातांवरून आदत कुठला, दुसा कुठला आणि चौसा कुठला हे झोपेतही सांगता येतं.

त्यावरून आबांना आठवण झाली. "दाती कसा हाय?" असं म्हणत त्यांनी सरळ शेवटचं पान काढलं. त्या पानावर सर्जाची भीती गेलेली आहे आणि तो सगळ्या जत्रेकडं बघून हसतो आहे. तोंडभर. वरची पंगत, खालची पंगत, पांढरेशुभ्र दात.

शांतता पसरली. आबांनी चष्मा पुसला. मग फार हळू आवाजात, एखाद्याच्या घरची वाईट बातमी सांगावी तसं, म्हणाले, "मास्तर, जनावराला वरच्या जबड्याला पुढचं दात नसत्यात."

मी मागं वळून बघितलं. माझी प्रत खाल्लेला बैल रवंथ करत उभा होता. साडूंनी त्याचा वरचा ओठ उचलून दाखवला. नसतात.

एवढं झाल्यावर हे लोक पुस्तक परत टांगून जातील असं मला वाटलं. पण आबा म्हणाले, "बरं, कितीला?"

"छापील शंभर, पण यात्रेसाठी ऐंशी."

साडूंनी कपाळावर हात मारला. "आवो, भर बाजारात मोठ्यानं दर सांगता व्हय!" इथं भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालायचा आणि एकमेकांची बोटं दाबून काय ते ठरवायचं, म्हणजे भोवतीच्यांना पत्ता लागत नाही. आबांनी खांद्यावरचं उपरणं माझ्या हातावर टाकलं. आत त्यांचा हात आला, भिजल्या कासऱ्यासारखा राठ. त्यांनी माझी पाचही बोटं एकदम मुठीत धरली. एका वाचकानं लेखकाचा हात इतक्या मायेनं धरलेला मला कधी अनुभव नव्हता. मी गहिवरून उलट दाबला.

"ठरलं," आबा म्हणाले आणि 50 रुपये दिले. मला छपाईलाच 52 पडले होते.

कुणीतरी चिमूटभर गुलाल आणून पुस्तकावर टाकला. विकलेल्या जनावरावर टाकतात ना, तसा. त्या गुलालाचा उपयोग झाला. "ह्यातलं एक गेलं" ही बातमी फिरली आणि संध्याकाळपर्यंत आणखी सहा गेली. साडूंनी चार प्रती आपल्या झुलींवर फुकट दिल्या आणि वर मला सांगितलं, की गिऱ्हाइकांनी मागून घेतल्या. पैसे त्यांनी स्वतःच्या गल्ल्यातून दिले होते, हे मला बायकोकडून कळलं आणि तिला बहिणीकडून.

रात्री थंडी मी म्हणत होती. बाजारात ठिकठिकाणी शेकोट्या पेटल्या. आबांच्या शेकोटीजवळ त्यांची चौथीतली नात पुस्तक वाचत होती, बोट ठेवून, जोडाक्षराला थांबत. म्हातारे मधे मधे शिंगांवरून कुरकुरत होते. हलगी वाजते, सर्जा दावं तोडतो, माणसांतून धावत सुटतो, ते पान आलं आणि कुरकुर बंद झाली. मी पालाआड अंधारात उभा होतो, पाय गारठले होते, तरी हललो नाही. वाचून झाल्यावर एक जण म्हणाला, "आमचा पवळ्या असाच गेलता. दोन दिसांनी घावला, उसात." मग पवळ्याची गोष्ट सुरू झाली आणि ती, खरं सांगायचं तर, माझ्यापेक्षा चांगली होती.

सकाळी मी गठ्ठा बांधत असताना आबा चहाला बोलवायला आले. जाता जाता म्हणाले, "मास्तर, गोष्ट खरी हाय. बैल तेवढा खोटा हाय. फुडल्या सालाला नीट करून आणा."

नेल्या 100. अकरा विकल्या, एक बैलानं खाल्ली, एक गोडीशेवेत गेली. 87 परत आल्या. कंडक्टर नेमका तोच होता. त्यानं काही विचारलं नाही, नुसतं मांडीकडं बोट दाखवलं.

शिंगं आणि वशिंड माझ्या हातचं काम नव्हतं. पण दात होते. त्या रात्री दिवाणाखालचे सगळे गठ्ठे बाहेर ओढले, आमच्या नातीचं गुलाबी स्केचपेन घेतलं आणि एकेक प्रत उघडून शेवटच्या पानावरची वरची पंगत हिरड्यांत बुजवायला बसलो. आर्ट पेपरवर स्केचपेन पसरतं, त्यामुळं पहिल्या दहा-बारा सर्जांनी पान खाल्ल्यासारखं दिसत होतं. मग हात बसला. मध्यरात्री बायको पाणी प्यायला उठली. दिवा बघून दारात थांबली.

"काय करताय एवढ्या रात्री?"

"दात काढतोय."

"एवढी पुस्तकं परत आणूनसुद्धा?" असं म्हणाली आणि दिवा घालवून झोपायला गेली.