परदेशातून: दोघांनीच दोन दिवस जायचं, त्याला पुरावा कशाला?

मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून नवरा-बायकोने दोघांनीच फिरायला जावं की नाही, यावर आपल्याकडे दर सुट्टीच्या सीझनला वाद होतो. यंदा तो आमच्या माहेरच्या ग्रुपवर झाला, कारण माझ्या मावसबहिणीने पुण्याहून मुंबईला दोन दिवस जायचं ठरवलं, फक्त नवऱ्यासोबत, सहा वर्षांच्या लेकीला सासूबाईंकडे ठेवून. लगेच सुरू झालं, मुलगी लहान आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुंबईत काय बघायचंय, जायचंच तर सगळे मिळून महाबळेश्वरला जा ना, आणि एका काकांनी तर "तिकडची फॅडं इकडे आणू नका" असं लिहून त्यात मला टॅग केलं, कारण मी जर्मनीत राहते. ग्रुपवर दोन ओळीत उत्तर देऊन भागणारं नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

माझं मत आधीच सांगते, तिने जावं, आणि जाताना कुणाला कारण देत बसू नये. लग्नाला आठ-दहा वर्षं झाली की दोघांचं बोलणं कशावर चालतं ते ज्याच्या त्याच्या घरात बघा. स्कूल बसचे पैसे भरलेस का, गॅस नोंदवलास का, बाबांची शुगर चेक झाली का, सोसायटीची मीटिंग किती वाजता. हे सगळं लागतंच, पण त्यातच वर्षं निघून जातात आणि ज्या माणसाशी आपण हौसेने लग्न केलं त्याला हल्ली काय आवडतं हेच माहीत नसतं. लॉंग ट्रिपला, सगळ्यांना घेऊन, ते कळत नाही कारण तिथे आपण मॅनेजर असतो, कोणाला उलटी होतेय, कोणाला उपासाचं हवंय. दोघंच असलो की कळतं.

आणि शहरातच का, तर शहरात तुम्हाला एकमेकांकडे बघत बसायची सक्ती नसते. हे मला इथे हानोव्हरला आल्यावर समजलं. आपल्याकडे कपल ट्रिप म्हणजे डोंगर, व्ह्यू, रिसॉर्ट आणि शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात गाड्यांची रांग. इथे लोक शुक्रवारी संध्याकाळी एक सॅक घेतात आणि शेजारच्या शहरात जातात. आम्ही दोघं हॅम्बुर्गला जातो, रीजनल ट्रेनने, महिन्याचा डॉइचलांड टिकेट हा देशभरच्या लोकल-रीजनल गाड्यांना चालणारा पास असतोच (तो 2023 मध्ये 49 युरोला सुरू झाला, 2026 पासून 63 झालाय, त्यावरून इथे बरीच ओरड आहे). वाटेत उल्झेनचं स्टेशन लागतं, हुंडर्टवासर या कलाकाराने डिझाइन केलेलं, रंगीत फरशांचे खांब आणि वाकडीतिकडी जमीन, गाडी बदलायची असेल तर तिथेच कॉफी.

हॅम्बुर्गमध्ये लांडुंग्सब्रुकनच्या धक्क्यावरून 62 नंबरची फेरी सुटते, बंदरातली साधी लोकल बोट, कामावर जाणारे लोकही तीच पकडतात, आणि त्याच पासवर चालते. वरच्या डेकवर वारा इतका असतो की टोपी हातात धरावी लागते. नॉयम्युलनला उतरलं की एल्ब नदीच्या काठाला चक्क वाळू आहे, तिथे बसायचं, समोरून चार-पाच मजली बिल्डिंगएवढी कंटेनरची जहाजं जातात आणि ती गेल्यावर मिनिटभराने लाटा पायापर्यंत येतात. आम्ही तिथे तासन् तास बसतो. मागच्या वेळी माझा नवरा त्या जहाजांकडे बघत सांगत होता की त्याला लहानपणी मर्चंट नेव्हीत जायचं होतं, फॉर्म पण आणला होता, वडिलांनी भरू दिला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. रविवारी इथे दुकानं बंद असतात, मॉल बंद, सुपरमार्केट बंद, म्हणजे शॉपिंगमध्ये दिवस जायचा प्रश्नच नाही. म्युझियम उघडी असतात, पहाटे लवकर उठलात तर एल्बकाठी मासळी बाजार असतो, उन्हाळ्यात पाचला सुरू, साडेनऊला बंद.

पण हे वाचून "बघा, तिकडे किती मस्त" असं कुणी म्हणू नका, कारण मी त्याची दुसरी बाजूही रोज जगते. इथे आम्हाला अडवणारं कुणी नाही, तसंच मुलाला सांभाळणारंही कुणी नाही. बेबीसिटर तासाला बारा-पंधरा युरो घेते, रात्रभर राहायला सहसा कुणी तयार होत नाही, आणि अनोळखी माणसाकडे मुलाला झोपवून दुसऱ्या शहरात जायची माझी हिंमतही नाही. मग इथल्या एका मराठी कुटुंबाशी अदलाबदल चालते, एका शनिवारी त्यांची दोघं आमच्याकडे, पुढे कधीतरी आमचा त्यांच्याकडे. त्यातल्या एकाला जरी ताप आला तरी सगळं कॅन्सल. पुण्यात माझ्या बहिणीकडे सासूबाई आहेत, माझी मावशी दोन गल्ल्या सोडून आहे, खालच्या मजल्यावरच्या काकू मुलीला हक्काने जेवायला बसवतात. एवढी माणसं असताना एका रात्रीसाठी तिला परवानगी मागावी लागते, याचं मला खरंच वाईट वाटतं. गुडघ्यांचा मुद्दा खरा आहे, मग त्या दोन दिवसांसाठी स्वयंपाकाच्या मावशींना जास्तीचे पैसे द्या, मुलीचा मामा दुपारी येऊन बसेल, त्यातून मार्ग निघतो. "आईने असं जायचं नसतं" याच्यातून मार्ग निघत नाही. आणि बघा, वडील ऑफिसच्या ट्रेनिंगला चार दिवस गोव्याला जातात तेव्हा ग्रुपवर कुणाला मुलगी लहान आहे हे आठवत नाही.

घरातून निघालो तरी पुढे हॉटेलचं काउंटर आहेच. भारतात आलो असताना आम्ही पुण्यातल्या एका हॉटेलात एक रात्र राहायचं ठरवलं, घरी पाहुणे खूप होते आणि दोघांना जरा निवांत हवं होतं. मी आडनाव बदललेलं नाही. काउंटरवरच्या मुलाने दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवले, पानं उलटली, आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, "सर, मॅडम कोण?" बायको म्हटल्यावर पुरावा मागितला. मग त्या लॉबीत उभं राहून आम्ही मोबाइलवर लग्नाचे फोटो शोधतोय, मागे दोन कुटुंबं बॅगा घेऊन उभी, एक बाई माझ्या गळ्याकडे बघत होती, आणि मी चाळिशीची बाई, बाहेरच्या देशात नोकरी करणारी, टॅक्स भरणारी, तिथे घशात आवंढा घेऊन उभी. फोटो सापडला, किल्ली मिळाली, पण ती रात्र गेलीच. पुण्यातल्या पुण्यात आधार कार्ड असलेल्यांना तर "लोकल आयडी चालत नाही" म्हणून बऱ्याच ठिकाणी सरळ परत पाठवतात, लग्न झालेलं असलं तरी.

लग्न न झालेल्यांचं काय होतं ते तर सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्ट 2015 मध्ये मुंबईत मढ आणि आक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी धाडी घातल्या, 40 च्या वर जोडप्यांना बाहेर काढलं, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन या कलमाखाली 1200 रुपये दंड लावला, आणि ही माणसं होती कुठे तर पैसे भरून घेतलेल्या बंद खोलीत. जानेवारी 2025 मध्ये ओयोने मेरठपासून नवा नियम सुरू केला, की लग्न न झालेल्या जोडप्याला हॉटेल खोली नाकारू शकेल आणि नात्याचा पुरावा मागू शकेल. कायदा मात्र असं काही सांगत नाही. मद्रास हायकोर्टाने 2019 च्या डिसेंबरमध्ये, कोइमतूरच्या एका सील केलेल्या लॉजच्या केसमध्ये, स्पष्ट म्हटलंय की लग्न न झालेल्या सज्ञान स्त्री-पुरुषाने हॉटेलच्या खोलीत राहण्याला बंदी करणारा कुठलाही कायदा नाही. म्हणजे जे विचारलं जातं ते कायद्याने नाही, धाडीच्या भीतीने आणि शेजारपाजारच्या दबावाने. हॉटेलवाल्यांची बाजूही मला समजते, पोलीस उद्या त्यांच्याच दारात येणार. पण मग वेबसाइटवर पैसे घेण्याआधी लिहा ना, की आम्ही हे हे मागतो, म्हणजे माणूस रात्री दहाला बॅग घेऊन रस्त्यावर येणार नाही.

जर्मनीत हॉटेलात परदेशी पाहुण्याला अजूनही फॉर्म भरावा लागतो, जर्मन नागरिकांसाठी तो 2025 पासून बंद झाला. नाव, जन्मतारीख, पत्ता, पासपोर्ट नंबर, सही. लग्न झालंय का असा रकाना त्यात नाही.

आता काकांच्या फॅडवाल्या मुद्द्यावर येते. हे तिकडचं आणि ते आपलं, असं काही नसतं हो. पश्चिम जर्मनीत लग्न न झालेल्या जोडप्याला खोली देणाऱ्या घरमालकाला, हॉटेलवाल्याला शिक्षा होऊ शकेल असा कायदा होता, आणि 1954 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने साखरपुडा झालेल्यांचे संबंधही अनैतिक ठरवले होते. तो कायदा 1969 ला सैल झाला आणि 1973 ला बदलला. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, त्या सांगतात की तरुणपणी त्या आणि त्यांचे होणारे मिस्टर समुद्रावर गेले तेव्हा मालकिणीने दोघांना वेगवेगळ्या मजल्यांवर खोल्या दिल्या आणि स्वतः जिन्याजवळ खुर्ची टाकून विणत बसली. त्या आजी आज आमच्या मुलाला गाजराचा केक आणून देतात. एका माणसाच्या आयुष्यात एवढं बदलू शकतं, आणि त्यात जर्मन कुटुंबं काही मोडून पडली नाहीत, रविवारी दुपारी तीनला आजीकडे केक-कॉफीला जमणं अजून चालूच आहे.

या सगळ्या वादात एक गोष्ट कुणीच बोलत नाही, की आजी-आजोबा हे पण एक जोडपंच आहे. माझ्या आई-बाबांनी आयुष्यभर नातेवाइकांची लग्नं, अष्टविनायक, आमच्या परीक्षा आणि आता नातवंडं एवढाच प्रवास केला. आम्ही त्यांना मुंबईचं दोन दिवसांचं बुकिंग करून दिलं तर आईचं पहिलं वाक्य, "या वयात दोघंच? लोक काय म्हणतील?" तिला पटवायला मला अक्षरशः आठवडा लागला. गेले, दादरला नाटक पाहिलं, आणि बाबांनी तिला ते नोकरीला लागले तेव्हाची गिरगावातली खोली दाखवली. आईने मला फोनवर त्या खोलीच्या जिन्याचं एवढं वर्णन केलं, पण नाटकाचं नाव तिला आठवेना. म्हणून बहिणीला माझं सांगणं आहे, परत आलीस की पुढच्या महिन्यात सासू-सासऱ्यांना पाठव, आणि तेव्हा मुलीला तुम्ही दोघं सांभाळा.

बाकी मुंबईत काय बघायचंय असं विचारणाऱ्यांसाठी. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन घ्या, साडेदहाच्या आत सीएसएमटी. हॉटेल फोर्टात किंवा चर्चगेटच्या बाजूला घ्या, जरा महाग पडेल, पण टॅक्सीत भांडण्यापेक्षा पायी फिरता येतं आणि बॅग टाकून लगेच बाहेर पडता येतं. बुकिंगच्या आधी हॉटेलला फोन करून सरळ सांगा की आडनावं वेगळी आहेत, चालेल ना, आणि उत्तर मेसेजवर लिहून घ्या. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत फुकट प्रवेश आहे, शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पण एका दिवशी दोन्ही नीट बघायचा हट्ट नको. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की एका हाताला हायकोर्ट आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, दुसऱ्या हाताला आर्ट डेको बिल्डिंगांची रांग, या दोन्हींना मिळून 2018 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलंय, आणि आपण तिथून लोकल पकडायला धावत जातो. शनिवारी रात्रीच्या नाटकाची तिकिटं सगळ्यात आधी काढा, बाकी दिवस त्याच्याभोवती बसवा. हुतात्मा चौकातून मेट्रो आता थेट दादरला जाते, शिवाजी मंदिर नाट्यगृह तिथून चालत. रविवारी सकाळी काहीही ठरवू नका, उशिरा उठा, मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसा. परतीची डेक्कन क्वीन संध्याकाळी पाच दहाला आहे, रविवारी ती भरून जाते, तेव्हा जातानाचं आणि येतानाचं रिझर्वेशन एकदमच करा.