मॉर्फीन ‘शेवटासाठी’ राखून ठेवू नका

“मॉर्फीन सुरू केलं म्हणजे शेवट आला. माणूस गुंगीतच जातो, व्यसन लागतं आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा ते लागू पडत नाही. म्हणून होईल तितकं सहन करावं.” प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेलेल्या रुग्णांच्या घरी हा मजकूर फिरत येतोच. मला तिघांनी पाठवला, तिघांनीही मायेपोटी. तो खरा मानून आम्ही ह्यांचा दीड महिना कळा सोसण्यात घालवला, म्हणून त्याला उत्तर देते आहे.

आधी शेवटाचं. मॉर्फीन हे तीव्र वेदनेवरचं औषध. त्याचा डोस ठरतो तो दुखणं किती आहे यावर, दिवस किती उरलेत यावर नाही. हाडांत पसरलेला हा आजार घेऊन अनेक जण काही वर्षं जगतात आणि त्या काळात कधीही मॉर्फीन लागू शकतं. बऱ्याच घरांत ते अगदी उशिरा सुरू होतं, मग माणूस गेला की दोष औषधावर येतो.

गुंगी येते, हे खरं. ह्यांना पहिले तीन-चार दिवस झोप आणि मळमळ होती, मग ओसरली. ओसरण्याऐवजी वाढली, बोलण्यात गोंधळ आला किंवा अंगाला झटके बसू लागले, तर लगेच डॉक्टरांना कळवा. मूत्रपिंडं नीट चालत नसतील तर मॉर्फीन शरीरात साठतं, आणि या आजारात लघवीची वाट अडून त्यांच्यावर ताण येऊ शकतो. अशा वेळी डोस किंवा औषधच बदलतात. बद्धकोष्ठता मात्र आपोआप जात नाही. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

व्यसनाचं म्हणाल, तर शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम बंद करायचं नसतं. पण सवय म्हणजे व्यसन नव्हे. रेडिएशननंतर दुखणं उतरलं तसा डॉक्टरांनी ह्यांचा डोस पायरीपायरीने कमी केला. ह्यांनी एकदाही जास्तीची गोळी मागितली नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते ‘राखून ठेवा’. मॉर्फीनला पॅरासिटामॉलसारखी ठरलेली कमाल मर्यादा नाही. दुखणं वाढलं तर डॉक्टर डोस वाढवू शकतात. आज न घेतलेली गोळी उद्या जास्त काम करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच सांगितलं होतं की कॅन्सरच्या वेदनेचं औषध घड्याळाप्रमाणे द्यावं, कळ उठायची वाट पाहू नये. हाडांच्या दुखण्यात तर हे पदोपदी जाणवतं. हे पडून असताना शांत असत, पण कूस बदलली की ओरडत. नर्सताईंनी सांगितल्यावर डॉक्टरांना विचारून आंघोळीच्या अर्धा तास आधी जास्तीचा छोटा डोस देऊ लागले. त्याआधी मी त्यांना अंथरुणातच पुसून काढत होते.

आणि ‘सहन करा’ म्हणताना हाडासाठीचे इतर उपचारही मागे पडतात. दुखऱ्या जागेवर ८ ग्रेचं (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) एकाच बैठकीचं रेडिएशन पुष्कळांना आराम देतं. सुरुवातीला दुखणं थोडं वाढू शकतं, आराम पडायला काही आठवडे लागू शकतात. हाडं मोडण्याचा धोका कमी करायला झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब देतात. त्याआधी दात तपासून घ्या, नाहीतर जबड्याच्या हाडाला इजा होण्याची भीती असते.

एक दुखणं तर एक रात्रही सोसायचं नसतं. पाठीत नवी किंवा वाढती कळ, छातीपोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं, पाय लटपटणं किंवा बधिर होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं यांतलं काहीही दिसलं तर मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. उशीर झाला तर गेलेली पायांची ताकद परत येईलच असं नाही. मध्यरात्र असली तरी इस्पितळ गाठा, शक्य तितकं आडवं ठेवून न्या आणि दारातच पहिलं वाक्य हे सांगा: प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत आहे.