बोट एक, मालक सहा

इंदूरला समुद्र नाही, नदी म्हणाल तर खान, आणि नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंपानं चढवून आणावं लागतं, तेही नळाला दिवसाआड. तेव्हा हाउसबोट घ्यायला याहून योग्य गाव नाही. अलेप्पीला एक रात्र काढून आलात, करिमीन खाल्लात, डेकवर पाय पसरून बसलात, आणि परतीच्या गाडीत साडूभाऊ म्हणाले, "आपणच एक घेऊ या का?" झालं. मुहूर्त टळू देऊ नका.

फक्त एकट्यानं घेऊ नका. एकट्याची बोट बिघडली तर बोलायचं कुणाला? ब्रिटनमध्ये जहाजाची मालकी ६४ हिश्शांत मांडायची जुनी पद्धत आहे. आपली माणसं तेवढी सोशिक नाहीत, सहावर थांबा. भागीदार निवडताना अनुभव बघा. रामबागेतल्या वडिलोपार्जित वाड्याच्या जिन्याखालच्या खोलीसाठी जे चुलतभाऊ अजून तारखा घेताहेत, ते सर्वांत उत्तम. सामाईक मालकी म्हणजे काय, हे त्यांना नव्यानं शिकवावं लागत नाही.

करारनामा वगैरे करू नका. "घरातल्या घरात कसलं लिहायचं?" हे वाक्य सगळ्यांत वडील माणसाकडून वदवून घ्या, म्हणजे पुढे कुणाला बोलता येत नाही. शिवाय १९३२ चा भागीदारी कायदा आहेच. काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सर्वांना सारखा, असं तो म्हणतो. म्हणजे ज्यानं एफडी मोडली तो आणि ज्यानं फोडायला नारळ आणला तो, दोघं एका पंक्तीत. फर्म नोंदवलीही नसेल तर करारातल्या हक्कासाठी भागीदारावर दावाच लावता येत नाही. हिशेब मागायचे तर आधी भागीदारी मोडा. इतकी शांतता वाड्यातही मिळाली नाही.

बोट बघायला मात्र सहाही जणांनी जा. एजंट सांगेल की पूर्वी या बोटी भात वाहायच्या, फळ्या अंजिली लाकडाच्या, काथ्यानं बांधलेल्या, आत एक खिळा नाही. लगेच कुणीतरी हिशेब करेल : खिळा नाही, म्हणजे गंज नाही, म्हणजे खर्च नाही. त्यालाच खजिनदार करा. काथ्या कुजतो, वरचा काळा लेप झिजतो आणि बोट पाण्याबाहेर ओढून दुरुस्त करावी लागते, हे त्याला सावकाश कळू दे. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा नोंदणी, तपासणी आणि विमा मागतो, तेही त्याच्याच खात्यात टाका.

पहिल्या पावसात तिकडून ग्रुपवर एक फोटो येईल. दोन फळ्यांमधली ओली फट, तिच्याकडे दाखवणारं एक बोट, नख काळं. त्यावर चार जण हात जोडलेले इमोजी टाकतील, पाचवा "शुभ प्रभात"चं कमळ. सहावा विचारेल, "आपल्या हिश्श्याची बाजू कुठली?"

आता वाटप. वर्षाचे आठवडे ५२, पण इंदुरी माणसाला हवा असतो एकच, पंचवीस डिसेंबरचा. चिठ्ठ्या टाका, म्हणजे भांडण देवावर ढकलता येतं. ज्याच्या वाट्याला जुलै येईल त्याला "हिरवळ काय असते!" म्हणून चढवा. तो गेलाच तर जायला अहिल्यानगरी एक्सप्रेस आहे, आठवड्यातून एकदा. आठवड्याची सुट्टी तिच्यातच जिरते. बरोबर शेवेचं पुडकं आणि पोह्यांसाठी जिरावन द्यायला विसरू नका, नाहीतर फोन करून तुमचा डिसेंबर नासवेल.

डिसेंबरात तुम्ही पोचलात की संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट काठाला लागेल. रात्री पाणी मासेमारांच्या जाळ्यांचं असतं. अशा वेळी भाऊजींनी पुढे होऊन "मालक आम्ही आहोत, थांबवणारे तुम्ही कोण?" असं खास इंदुरी हिंदीत विचारावं. चालक मल्याळममध्ये उत्तर देईल. भाषांतराची गरज पडत नाही.

दोन वर्षांत कुणीतरी म्हणेल, माझा हिस्सा विकायचाय. विकत घेणारा बाहेरचा कुणी मिळणार नाही आणि आतले पाच जण गप्प बसतील. घाबरू नका. अधिकमासाची वाट बघा. जावयाला जेवायला बोलवा, धोंडे वाढा, चांदीच्या ताटात तेहेतीस अनारसे मांडा आणि खाली हिश्श्याचे कागद सरकवा. वाण परत करता येत नाही.